हाताचा क्लच

“मावशी, तुम्ही गाडीत बसायचं नाही,” इन्स्पेक्टर मॅडम म्हणाल्या. “परीक्षा काकांची आहे.”

मी व्हॅनमध्ये टाकलेला पाय मागे घेतला. सगळा हिवाळा रोज सकाळी ह्यांच्या शेजारी बसले, आणि नेमकं आजच उतरायचं! पण कायदा तो कायदा. ह्यांनी डाव्या पायाचा जयपूर फूट सोडवून माझ्याकडे दिला. गाडी चालवताना तो घालत नाहीत, पेडलांच्या मधे अडकतो. त्या बुटासकट पायाला मी कडेवर घेतलं आणि मैदानाच्या कडेला मुकाट उभी राहिले. उन्हं चढली होती. सकाळपासून आमचा नंबर येता येत नव्हता.

“घाबरू नका काका,” मॅडम आत बसता बसता म्हणाल्या.

“मी कशाला घाबरू? तुमच्या जल्माआधीपासनं गाडी चालवतोय मी.”

खोटं नव्हतं ते. आमचे हे, गहिनीनाथ, घोडेगावच्या बाजाराला जनावरांचा टेम्पो चालवायचे. गाभण म्हैस घातली तरी ती बसल्या जागी रवंथ करत यायची, असा हात. व्यापारी थांबून राहायचे, पण दुसऱ्याच्या टेम्पोत जनावर चढवायचे नाहीत. मग शुगर झाली. टाचेत खिळा घुसला तो कळलाच नाही, आणि कळलं तेव्हा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी आयुष्यभर दवाखान्यात आयाचं काम केलं, परक्यांचे पाय धुतले, पुसले. घरातल्या पायाकडे लक्ष गेलं नाही. असो.

पाय गेल्याचं दुःख ह्यांनी पचवलं. पण दुसऱ्यानं उचललेलं पचलं नाही. भिंगारहून दवाखान्यात जायचं तर कुबड्या बघून रिक्षावाले पुढे पळतात. एसटीची पायरी तर छातीला लागते. मग कुणीतरी भला माणूस पुढे होतो, बगलेत हात घालतो आणि पोतं चढवावं तसं ह्यांना आत लोटतो. वर म्हणतो, “बसा बाबा आरामात.” हे त्या दिवशी घरी येऊन जेवत नसत. नंतर नंतर तर घराबाहेर पडणंच सोडलं.

म्हणून ही जुनी व्हॅन. हिच्या गिअरच्या मुठीलाच मोटरसायकलसारखी क्लचची लिव्हर बसवून घेतली. ती डाव्या हातानं आवळायची, गिअर टाकायचा, हळूहळू सोडायची. ब्रेक आणि रेस उजव्या पायाला. क्लचचं जुनं पेडल खाली तसंच राहिलं. डॉक्टरचा दाखलाही मिळाला. आमचा ज्ञानेश्वर मात्र धुसफुसत होता. त्यानं सरळ सांगितलं, “आबा, परीक्षा पास झालात तर गाडी तुमची. न्हाईतर सावेडीत गिऱ्हाईक उभं हाय. उगं दारात सडायला नको.” पोरगा वाईट नाही, पण बोलतो फटकळ. माझ्यावर गेलाय.

तर भिंगारबाहेरच्या माळावर आमची शिकवणी चालायची. पहिले काही दिवस गाडी नुसती आचके खायची. मला कळेना काय होतंय. मग एकदा माझं लक्ष खाली गेलं. गिअर बदलायची वेळ आली की ह्यांची रिकामी विजार पुढे सरकायची. पाय नव्हता, पण मांडी क्लच दाबत होती! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं पाय मेला तरी खोड गेली नव्हती. तेव्हापासून वेळ आली की मी म्हणायची, “हात!” की ह्यांची मूठ आवळायची. हात, गिअर, हात, गिअर. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. हे हसायचे, म्हणायचे, “आता क्लिनर म्हनून तुझंबी लायसन काढू.”

आम्हाला वाटलं, शिकले. आता त्या मैदानाकडेला उभी राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं. शिकलं कोण होतं? गाडी निम्मी मी चालवत होते.

पण सुरुवात झकास झाली. आठचा आकडा झाला, गाडी रिव्हर्सला खांबांच्या मधून अलगद आली. ज्ञानेश्वरसुद्धा मोबाईल खिशात टाकून बघायला लागला. “आबा आज मॅडमलाच शिकवत्यात,” म्हणाला. मग आला चढ. तिथं मधेच गाडी थांबवायची आणि मागे न सरकता पुढे काढायची.

मला राहवेना. वाटलं, आरशात दिसले तर आठवेल ह्यांना. चढाच्या पायथ्याशी व्हॅनच्या बरोब्बर मागे जाऊन मी उभी राहिले आणि कडेवरचा पाय सांभाळत मूठ आवळून दाखवायला लागले. पन्नाशी उलटलेल्या बाईला एवढी अक्कल नको का? नव्हती त्या वेळी.

व्हॅन चढावर थांबली ती आचका देऊनच. इंजिन बंद. ह्यांनी परत चालू केलं, आणि ब्रेक सोडताच व्हॅन मागे यायला लागली. सरळ माझ्यावर.

“आई!” ज्ञानेश्वर ओरडला. मी बाजूला पडले. जयपूर फूट हातातून सुटून घरंगळत गेला, आणि त्याच्यापासून वीतभर अलीकडे व्हॅन थांबली. ह्यांचा उजवा पाय ब्रेकवर गेला होता, पण उशिरा.

मॅडम धावत खाली उतरल्या. आधी मला शिव्या घातल्या, मग पाणी दिलं. मला खरचटलं होतं, बाकी काही नाही. मग त्या ह्यांच्या खिडकीशी गेल्या.

“काका, तुमचा पाय क्लच दाबतोय.”

“पाय न्हाई मला मॅडम.”

“तरी दाबतोय.”

ह्यांनी रिकाम्या विजारीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “व्हय. दाबतोय खरा.”

“पुढच्या महिन्यात परत या. सवय होईल,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “बाकी चालवणं तुमचं फार चांगलंय. खरंच सांगते.”

ज्ञानेश्वरचा चेहरा उतरला होता. तोही म्हणाला, “आबा, मी गिऱ्हाइकाला थांब म्हनतो. येऊ परत.”

“इकून टाक,” हे म्हणाले.

“अवो, एकदा फसलं म्हनून काय झालं?” मी म्हणाले. “मला कुठं काय झालंय?”

“मागं तू हुतीस म्हनून थांबली गाडी. आरशात तू दिसलीस म्हनून. दुसऱ्या कुनाचं पोर असतं तर मी बघितलंबी नसतं.” आवाज चढलेला नव्हता. “मी डायवर हाय. गाडी कुनाच्या हातात द्यायची न् कुनाच्या न्हाई, एवढं कळतं मला. माझ्या हातात मी देनार न्हाई.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

ज्ञानेश्वर दार उघडून उभा राहिला. हात लावावा की नाही, त्याला सुचेना. पाय गेल्यापासून ह्यांनी त्याला एकदाही उचलू दिलं नव्हतं. आणि ह्यांनी स्वतःहून दोन्ही हात वर केले. लेकरू कडेवर घे म्हणतं तसे. पोरानं बापाला उचललं आणि फिरून डावीकडच्या सीटवर ठेवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाय घेऊन मी मागे बसले.

परतताना ज्ञानेश्वर क्लच पायानंच दाबत होता, मधेच गिअर खरकन वाजवत होता. एरवी हे अशा गिअरवर खेकसले असते. भिंगारच्या अलीकडे गतिरोधक आला, गाडी मंदावली आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं,

“हात!”

“काय गं आई?” ज्ञानेश्वरनं मागे वळून विचारलं.

“काही न्हाई. समोर बघून चालव.”

पुढच्या सीटवर ह्यांची रिकामी विजार हलली नव्हती. पण मांडीवरच्या डाव्या हाताची मूठ आवळली गेली होती, अगदी वेळेवर, आणि गतिरोधक ओलांडून गाडी पुढे निघाली तशी ती हळूहळू सुटत गेली.