कापसाच्या खोलीतला उमेदवार

बेबीनंदाने बाहेरून कडी घातली आणि दाराला तोंड लावून विचारलं, "बसलास का नीट?"

"बसलो," आतून तिचा धाकटा भाऊ धम्मपाल म्हणाला. "कुणी बी आलं तर घरात कुणी न्हाई म्हणायचं. लय हट्टाला पेटले, मंगच कडी काढायची."

"पण येनार कोण हाय?"

"येतील. तीनच्या आत येतील."

खोली कापसाने निम्म्याहून जास्त भरलेली होती. धम्मपाल मांडी घालून बसायला गेला तो कमरेपर्यंत आत गेला. अंगात नवाकोरा पांढरा शर्ट, एका खिशात बंद केलेला मोबाइल आणि दुसऱ्यात चार घड्या घातलेला कागद. विधानसभेला अपक्ष म्हणून भरलेला त्याचा अर्ज छाननीत टिकला होता. अर्ज मागे घ्यायची मुदत आज दुपारी तीनपर्यंत होती.

खरं सांगायचं तर धम्मपालला आमदार व्हायचं नव्हतं. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस तो, निवडून येण्याचं वेड त्याच्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. पण आपल्याकडची रीत त्याला पक्की ठाऊक होती. चार मतं खाऊ शकेल असा माणूस शेवटच्या दिवशी सापडेनासा झाला की मोठ्या उमेदवाराच्या गाड्या त्याला शोधत फिरतात, आणि जितका उशिरा सापडेल तितकं त्याचं वजन वाढतं. मागच्या खेपेला शेजारच्या गावचा एकजण असाच सासुरवाडीला जाऊन लपला आणि अर्ज मागे घेण्याच्या बदल्यात सभामंडपाचं पत्र घेऊन आला. धम्मपालला सभामंडप नको होता. त्याला नाल्यावर पूल हवा होता.

वस्ती नाल्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. दर पावसाळ्यात दोन-अडीच महिने पोरी घरीच बसायच्या. त्याच्या मुलीची, रूपालीची, शाळा नववीतच सुटली. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून तिने घरी बसून दहावी केली, बारावीही केली, पण वर्गात बसायचं राहिलं ते राहिलंच. या गोष्टीचं धम्मपालला फार वाईट वाटे. त्याचा अर्जही रूपालीनेच आपल्या सुबक अक्षरात भरला होता, आणि दहा सूचकांत एक सही तिची होती. बाप लपणार आहे हे मात्र त्याने तिला सांगितलं नव्हतं. खिशातला पुलाच्या मागणीचा कागद त्याने स्वतः लिहिला होता, खाली पुन्हा उभ्या असलेल्या आमदारांच्या सहीपुरती जागा सोडून.

लपायचं खरं, पण शोधणाऱ्याला सापडलंही पाहिजे. म्हणून निघताना त्याने दुकानाशेजारच्या अंगदला बजावलं होतं, "टेंभुर्णीला अक्काकडं चाललो. कुणाला बोलू नको." अंगदच्या पोटात तीळ भिजत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"अक्का, किती वाजले?"

"बारा बी न्हाई वाजले. गप बस."

एक वाजता बेबीनंदाने भाकरी आणि वांग्याची भाजी आत दिली. जेवून तो पुन्हा कापसात बसला. अंगाला खाज सुटली होती. दोनच्या सुमाराला दारात गाडी थांबल्याचा आवाज आला. धम्मपाल ताडकन उठला, कॉलर नीट केली, बाह्यांवरचा कापूस झटकला, कागद चाचपला.

"बाई, कापूस द्यायचा का?" बाहेर कुणीतरी विचारलं.

"घरात कुणीच न्हाई," बेबीनंदा शिकवल्याप्रमाणे म्हणाली.

"अहो, कापूस हाय का म्हणून विचारून राह्यलो."

"एकदा सांगितलं ना, कुणी न्हाई म्हणून!"

टेम्पो निघून गेला. त्यानंतर कुणीच आलं नाही.

बेबीनंदाने कडी काढली. "तीन कवाच वाजून गेले," एवढंच म्हणाली आणि त्याच्या केसांतला कापूस काढू लागली. धम्मपालला राग आला नाही, लाज वाटली. आपल्याला कुणी शोधायलाही आलं नाही, हे बहिणीच्या डोळ्यांदेखत झालं होतं. ओट्यावर बसून त्याने मोबाइल सुरू केला, तोच तो वाजला.

"पप्पा, कुठं हैत तुम्ही? सकाळपासून फोन लागंना." रूपाली होती. "मी तहसीलीत हाय. आपल्याला चिन्ह भेटलं, शिलाई मशीन. पयलं मागितल्तं तेच."

"तू कामून गेलीस तिकडं?"

"सूचक न्हाई का मी? उमेदवार न्हाई आला तर कुणीतरी पायजे ना."

धम्मपालने आवाज जरा खाली आणला. "कुणी आल्तं का?"

"आल्ते ना, चौघंजण. टेंभुर्णीलाच निघालते, अंगदकाकांनी सांगितलं म्हणे. मला गेटापशी बघून थांबले. म्हणले, बापाला जल्दी बोलावून घे, पुलाचं पत्र देतो, सायबाच्या सहीचं."

धम्मपालचा हात खिशावर गेला.

"मंग?"

"मंग काय? म्हणलं, कशाला डिझेल जाळता? आमचे पप्पा पत्रासाठी उभे न्हाईत. टेंभुर्णीला गेलेत ते प्रचाराला गेलेत. बराबर म्हणलं ना, पप्पा?"

समोरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. धम्मपालने खिशावरचा हात काढून घेतला.

"बराबर म्हणलीस," तो म्हणाला. "बिलकुल बराबर."

फोन ठेवून त्याने कागद बाहेर काढला, उलगडला, एकदा वाचला. सहीची जागा कोरीच होती. त्याने तो उलटा करून मांडीवर ठेवला आणि भाच्याच्या दप्तरातला पेन मागून घेतला.

"काय म्हणली पोरगी?" बेबीनंदाने विचारलं.

धम्मपालने शर्टाला चिकटलेला कापूस झटकला आणि पेनाचं टोपण काढलं.

"अक्का," तो म्हणाला, "तुमच्या घरात मतं किती?"