माझा लाल मणका सरकतो

अहो, जरा इकडे बघा. खिडकीशेजारी स्टँडला लटकलेला, पिवळट पांढरा, खाली शेपटीसारखा निमुळता होत गेलेला, तो मी. प्लॅस्टिकचा पाठीचा कणा. बसा, पण पाठ टेकून बसा. आज इथे एक मोठी गंमत झाली. जे झालं ते आत्ताच्या आत्ता सांगून टाकावंसं वाटतंय, पण पहिल्यापासून सांगितलं नाही तर तुम्हाला त्यातली मजा कळायची नाही.

माझा जन्म कारखान्यातला. गरम साच्यातून माझे मणके टपाटप पडले, पाण्यात गार झाले, आणि लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी ते तारेत ओवले. माझ्याबरोबरचे बाकीचे कणे साधेसुधे, कॉलेजात शिकवायला जाणारे. मला मात्र मानेपाशी एक लाल मणका बसवला, आणि त्याच्या आत बारीक स्प्रिंग. बोटाने ढकललं की लाल मणका बाजूला सरकतो आणि शेजारची पिवळी तार, म्हणजे माझी नस, चिमटीत सापडते. बोट काढलं की कट्, पुन्हा जागेवर. आहे का नाही कमाल?

मला रंगवणाऱ्या बाईने मुकादमाला विचारलं होतं, "खऱ्या माणसाचा असा सरकतो?"

"ते आपल्याला काय करायचंय?" मुकादम म्हणाला. "बघणाऱ्याच्या डोक्यात शिरलं पाहिजे. झालं आपलं काम."

मला ते ऐकून फार भारी वाटलं. बघणाऱ्याच्या डोक्यात शिरायचं, हे काय लहानसहान काम आहे? खोक्यात भुशावर पडल्या पडल्या मी त्याचीच स्वप्नं बघत होतो.

खोकं उघडलं ते मणकेकाकांनी. ते कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मान आणि पाठ दाबून, झटका देऊन मोकळी करणारे. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्यांचा त्यांचा दवाखाना. आतल्या खोलीत एक लांब टेबल, त्याला पालथं झोपल्यावर तोंड ठेवायला भोक. आजूबाजूची पोरं त्यांना मणकेकाका म्हणायची, मग मोठी माणसंही म्हणू लागली. काकांनी मला उचललं, लाल मणका ढकलला, कट् ऐकलं आणि लहान मुलासारखे हसले. तिथेच आमचं जमलं.

त्यांचं म्हणणं असं, की माणसाचा मणका जागेवरून जरासा सरकतो, नस दबते, आणि मेंदूचा निरोप शरीरभर पोचत नाही. मग डोकेदुखी म्हणा, दमा म्हणा, अपचन म्हणा, सगळ्याची मुळं तिथेच. त्याला एक भारदस्त शब्द होता, सबलक्सेशन. काका तो असा उच्चारायचे की समोरच्याची पाठ ऐकूनच ताठ व्हायची.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली. पेशंट पालथा झोपला की बोटं मानेपासून कमरेपर्यंत फिरायची, मध्येच थबकायची. "हा बघा, सापडला." मग तिथे निळ्या पेन्सिलीने खूण. मग दोन्ही हातांनी झटका, आतून कट् असा आवाज, आणि लगेच स्पिरिटच्या बोळ्याने खूण साफ. "काम झालं की खूण ठेवू नये," असं ते म्हणायचे. नंतर पेशंटला माझ्यापुढे उभं करून माझा लाल मणका सरकवून दाखवायचे. पेशंट माझ्याकडे बघून "अरे बापरे" म्हणायचा आणि मी जागच्या जागी फुगायचो. खरं सांगतो, पुष्कळांची मान मोकळी व्हायची, पाठीचा ताण कमी व्हायचा. काकांच्या हातात कसब आहे. माणसं हसत जिना उतरायची.

आता ताईचं ऐका. काकांची मुलगी. तीही हेच शिकली, पण नव्या कॉलेजात, आणि परत आली ती प्रश्नांची पोतडी घेऊनच. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उभी राहिली, लाल मणका ढकलला आणि म्हणाली, "बाबा, याला स्प्रिंग आहे."

"असणारच. त्याशिवाय सरकेल कसा?"

"तेच म्हणतेय मी."

मला तिचा असा राग आला म्हणता. पण ती काही थांबेना. जेवताना, हात धुताना, टेबलाची चादर बदलताना बापलेकीची जुंपलेली असायची. "माणसाचा मणका खरंच निसटला ना बाबा, तर तो जिना चढून येत नाही, स्ट्रेचरवर येतो. आणि तुमचा तो कट् आवाज सांध्यातल्या हवेचा असतो. एक्स-रेत तुमचं सबलक्सेशन कुणाला धड दाखवता येत नाही."

"यंत्राला दिसत नाही. बोटांना दिसतं," काका म्हणायचे, आणि मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायचो.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मग बेकरीवाला आला. भट्टीपुढे वाकून वाकून त्याची मान आखडली होती. काकांनी खूण केली, झटका दिला, मान मोकळी. गडी खूश. शर्टाची बटणं लावता लावता म्हणाला, "काका, मला प्रेशरही आहे. रोज गोळी खायचा कंटाळा येतो. तेही या मणक्यामुळेच असेल का?"

काका रंगात आले होते. त्यांनी माझा लाल मणका सरकवून दाखवला आणि बोलून गेले, "इथलीच नस दबली असणार. एकदा हा जागेवर बसला की गोळ्यांचं काय काम?"

काही दिवसांनी बेकरीवाल्याची बायको एकटीच आली. बसा म्हटलं तरी बसली नाही. "काका, त्यांनी गोळ्या बंद केल्यात. सकाळी उठले की डोकं धरून बसतात. प्रेशर मोजलं तर डॉक्टर मलाच ओरडले. माझे सासरे असेच भट्टीपुढे कोसळले होते, पुन्हा उठले नाहीत. मी सांगून थकले, डॉक्टरांनी सांगून झालं. ते एकच म्हणतात, काकांनी सांगितलं तरच घेईन. तुम्ही सांगा ना."

काका गोंधळले. "घेऊ दे की गोळ्या, मी कुठे नको म्हणतोय? पण मूळ दुखणं मणक्याचंच आहे, वहिनी. ते मी कसं नाही म्हणू?"

"तुम्ही असं बोललात तर ते एक गोळीसुद्धा घेणार नाहीत," ती म्हणाली.

ताई दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्या बोटांना दिसतं ना? मग बोटांचीच परीक्षा घेऊ. ती पास झाली तर मी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही."

"घे," काका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय तेज आलं म्हणून सांगू. डोळ्यांवर टॉवेल बांधायची कल्पना त्यांचीच. घाबरणाऱ्यातले नाहीतच आमचे काका.

आणि ती परीक्षा आज झाली. आज, मंडळी, आत्ता थोड्या वेळापूर्वी, माझ्या डोळ्यांदेखत. बेकरीवाला, पोस्टमन आणि समोरचा शिंपी, तिघं आपल्या पाठी घेऊन हजर. बेकरीवाल्याची बायको भिंतीला टेकून उभी. अट एवढीच, की कुणी आवाज काढायचा नाही. काकांनी स्वतःच टॉवेल घट्ट आवळला. एकेक जण टेबलावर पालथा झोपला, काकांची बोटं फिरली, थबकली, निळी खूण झाली. झटका नाही, पुसणं नाही. मग ताईने तिघांना उलटसुलट क्रमाने पुन्हा झोपवलं आणि काकांच्या हातात या खेपेला लाल पेन्सिल दिली. पुन्हा बोटं, पुन्हा खुणा. काका तर गुणगुणत होते. मी इतका ताणलो गेलो होतो की माझी तार तुटते की काय असं वाटत होतं.

"सोडा टॉवेल," ताई म्हणाली.

तिघं पाठमोरे उभे होते. पोस्टमनच्या पाठीवर निळी खूण खांद्यांच्या मधे आणि लाल पार कमरेजवळ. बेकरीवाल्याची निळी मानेशी, अगदी माझ्या लाल मणक्याच्या जागी, आणि लाल बरगड्यांच्या खाली. शिंप्याच्या मात्र दोन्ही खुणा एकमेकींना चिकटून.

"हे बघ," काका उसळून म्हणाले. "जुळलं की नाही?"

शिंपी ओशाळून म्हणाला, "काका, तिथे माझं गळू झालं होतं. त्याची गाठ राहिलीय. कुणाच्याही बोटाला लागते."

पोस्टमनला हसू आवरेना. काका हसले नाहीत. ते बेकरीवाल्याच्या पाठीजवळ गेले, निळ्या खुणेवर बोट ठेवलं, मग लाल खुणेवर, मग पुन्हा निळ्या. इतकी वर्षं खूण केली आणि पुसली, केली आणि पुसली. दोन खुणा शेजारी शेजारी त्यांनी कधी बघितल्याच नव्हत्या.

बेकरीवाल्याची बायको हळूच म्हणाली, "काका, यांचा मणका दोन ठिकाणी सरकलाय का?"

तेव्हा बेकरीवालाच काकांच्या मदतीला धावला. भला माणूस, आणि काकांवर जीव. "अगं, मधे मी उठलो नव्हतो का? तेव्हा सरकला असेल मणका. हो ना काका? तुमचं चुकणं शक्यच नाही. तुम्ही म्हणाल तसंच करणार मी."

आली ना आयती वाट? नुसतं हो म्हणायचं होतं. काकांची इभ्रत राहिली असती, माझीही राहिली असती. मी आतल्या आत ओरडत होतो, म्हणा, काका, हो म्हणा. काकांनी तोंड उघडलं. ताईने डोळे मिटून घेतले. ती बाई मात्र काकांकडे एकटक बघत होती, आणि तिच्या हातात पर्समधून काढलेलं गोळ्यांचं पाकीट होतं.

काकांनी तोंड मिटलं. मग ते माझ्याकडे आले आणि मला स्टँडवरून काढलं. पेशंटच्या टेबलावर बसले, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि मला मांडीवर घेतलं.

"इकडे ये," ते बेकरीवाल्याला म्हणाले. "हा मणका सरकव."

त्याने सरकवला. कट्.

"याचा सरकतो, कारण याच्यात स्प्रिंग आहे," काका म्हणाले. "ती कारखान्यात बसवलेली आहे. तुझ्यात कुणी बसवलेली नाही."

"मग माझी मान मोकळी कशी झाली?"

"आखडली होती, दाबल्यावर सैल झाली. तेवढं मला येतं, आणि ते मी करत राहीन. पण प्रेशरचं जे बोललो ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असल्यासारखं बोललो. त्याच्या भरवशावर तू जीव पणाला लावलास." त्यांनी हात पुढे करून बाईच्या हातातलं पाकीट घेतलं. "गोळी घे. माझ्यासमोर घे. आणि इथून थेट तुझ्या डॉक्टरांकडे जा."

ताईने पाणी आणलं. बेकरीवाल्याने काकांकडे बघत बघत गोळी गिळली, औषध खाणाऱ्या पोरासारखं तोंड वाकडं केलं. त्याची बायको तेव्हा कुठे खुर्चीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. शर्ट घालताना पोस्टमन म्हणाला, "आमच्या खुणा तरी पुसा." काका म्हणाले, "आज राहू देत."

आता सगळे गेलेत. ताई बाहेर चहा ठेवतेय. मघाशी ती मला उचलून माळ्यावर टाकायला निघाली होती. माझं तर धाबं दणाणलं. पण काका म्हणाले, "राहू दे त्याला इथेच. उद्यापासून आधी स्प्रिंग दाखवू, मग मणका."

ऐकलंत? उद्यापासून. म्हणजे माझी नोकरी शाबूत, आणि कामही बदललं. दिवसभर लोकांना मीच सांगणार की मी कसा सरकतो. मला तर आत्ताच उद्याची घाई झाली आहे. मुकादमाला कुणीतरी कळवा, बघणाऱ्याच्या डोक्यात शिरायचं काम मी अजून सोडलेलं नाही.

तुम्हीही कधी पाठ धरून जिना चढलात तर या. काकांचे हात चांगले आहेत. मला हवं तितकं सरकवा, कट् ऐका, हसा. फक्त आत आल्यावर काका आधी जे विचारतील, त्याचं खरं उत्तर द्या. बेकरीवाला निघताना त्यांनी त्याला दारात थांबवून सांगितलंय की पुढच्या खेपेला मानेला हात लावण्याआधी ते तेच विचारणार आहेत: "गोळी घेतली का?"