ताईची मंजुरी

धाकट्या भावाला आपल्याच टीममध्ये चिकटवलं तेव्हा ताईला वाटलं होतं, सुटलो एकदाचे. पण नोकरीत कायम व्हायची वेळ आली तरी त्याचं घोडं मर्जपाशीच अडलेलं. एकट्याने कोड लिहायचा झकास. तोच कोड इतरांच्या कोडमध्ये मिसळायचा, म्हणजे मर्ज करायचा म्हटलं की त्याचे हातपाय गळायचे. घरी आई रोज विचारायची, पोरगं टिकणार ना गं?

त्या संध्याकाळी तो ताईच्या टेबलापाशी आला. दवाखान्यांसाठी औषधांचे डोस काढणारी एकच फाइल त्याने आणि हेडमास्तरणीने बदलली होती. हेडमास्तरीण म्हणजे टीममधली सीनियर, दुसऱ्याचा स्वल्पविरामही न सोडणारी. दोघांच्या ओळी जिथे भिडत होत्या, तिथे मशीन विचारत होतं, कुणाची ठेवू? सगळं निस्तरलं, म्हणाला, आता तू वाचून मंजुरी दे. ताईने त्याचा उतरलेला चेहरा बघितला, कोड बघितलाच नाही. बटण दाबलं आणि त्याला घरी पिटाळलं. धाकट्यासाठी एवढंही करायचं नाही तर मग बहीण कसली, असं तिला मनापासून वाटलं.

पठ्ठ्याने प्रत्येक ठिकाणी ‘माझी ठेव’ म्हटलं होतं. लहान मुलांचे डोस वजनाप्रमाणे कमी करणारी हेडमास्तरणीची दुरुस्ती त्यात साफ पुसली गेली. दुसऱ्या दिवशी एका नर्सचा फोन आला. तान्ह्या बाळासाठी स्क्रीनवर मोठ्या माणसाचा डोस दिसत होता. तिला शंका आली म्हणून तिने औषध दिलं नाही. काल न वाचलेला कोड ताईने आता ओळ न ओळ वाचून काढला.

जुनी आवृत्ती घटकाभरात परत आणता आली. साहेबांपुढे ताईने सगळं अंगावर घेतलं. तो नवखा आहे, वाचायचं काम माझं होतं, म्हणाली. साहेबांनी तिला चार शब्द सुनावले आणि भावाला आणखी मुदत दिली. तो मान खाली घालून बसला होता. नोकरी वाचली, एवढंच ताईने धरून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात त्याने नवं काम मंजुरीला पाठवलं, ते हेडमास्तरणीकडे. ती शेऱ्यांनी भरून परत करणार, हे ठाऊक असून. ताईने त्याला गाठलं आणि हसत हसतच विचारलं, मी काय मेले होते का?

"तू माझे लाड करतेस, ताई," तो म्हणाला. "ती माझं वाचते."

त्याच्या आवाजात राग असता तर तिला निदान भांडता आलं असतं.