मोहाच्या वाटेखालचा टेकू

मी एक जुना टेकू आहे. ऐनाच्या लाकडाचा, साडेसहा फूट उंच. कुरखेड्यापलीकडच्या जंगलात तांब्याची एक बंद खाण आहे, तिचं छत मी डोक्यावर धरलं आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, पण मोहफुलं वेचायला रोज माझ्याच डोक्यावरून जाता.

मी याच टेकडीवरचं झाड. इथला दगड फार जुना. कधीकाळी त्याच्या भेगांतून खालून तापलेलं पाणी वर चढलं आणि निवता निवता पांढऱ्या गारगोटीत तांबं ठेवून गेलं. पावसाळ्यात त्या दगडावर हिरवे डाग उमटतात. कोण जाणे कोणत्या काळच्या माणसांनी ते डाग ओळखून इथे उभं भोक खणलं होतं. तांबं गाळून उरलेली त्यांची काळी मळी माझ्या मुळांशी पसरलेली असे. ती माणसं कुठे गेली, ते मलाही ठाऊक नाही.

१९५२ साली एका कंपनीने ते भोक पुन्हा उकरून आत आडवा बोगदा नेला. छताला लाकूड हवं म्हणून मला तोडलं. ज्या टेकडीच्या माथ्यावर मी वारा खात होतो, तिच्याच पोटात मला उभं केलं. फार राग आला होता मला, खोटं कशाला सांगू?

मला उभं करणारा पोचू हा जवळच्याच पाड्यातला. टेकू लावायचं काम त्याचं. रोज सकाळी तो कुऱ्हाडीच्या दांड्याने आम्हा प्रत्येकाला ठोकून बघायचा आणि कान लावून विचारायचा, "काय गा, बरा हायेस ना?" आवाज भरीव आला की पुढे जायचा. आम्हा टेकूंची रीत साधी आहे. सारं ठीक असलं की आम्ही गप्प असतो. भार सोसवेनासा झाला की करकरतो. रोज कोणीतरी विचारायला येतं म्हटल्यावर माझा रागही हळूहळू गेला.

तिसऱ्या वर्षी पावसाचं पाणी भेगांत मुरलं आणि एका दुपारी आतल्या टेकूंसह मी करकरलो. मुकादम गुणवंतराव नवे होते. ते म्हणाले, "लाकूड हाय ते, वाजनच. काम सोडू नोका."

पोचूने हातातली कुऱ्हाड खाली टाकली. "भाऊ, थो उगाच नाई बोलत. हत्यारं राहू द्या, आधी बाहेर निंगा!"

अकरा माणसं बाहेर पडली. गुणवंतराव शेवटचे. त्यांची पाठ वळली आणि आतलं छत कोसळलं. माझे सहा सोबती त्याखाली गेले; मी तोंडाजवळचा म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी पोचूची बायको बुधरी आत आली आणि माझ्या पायाशी तिने ओंजळभर मोहफुलं ठेवली. गुणवंतरावांनी स्वतः मला ठोकून पाहिलं. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

१९५७ मध्ये तांब्याची शीर बारीक होत होत संपली. खाण बंद करताना धड असलेले टेकू काढून न्यायचे असतात. सगळे काढले. माझ्यापाशी येऊन पोचू थांबला.

"हा नाई काढत मी. याच्यावर मोहाची वाट हाय, भाऊ. लेकरं जातेत."

गुणवंतरावांनी वर छताकडे पाहिलं. "राहू दे मंग," ते म्हणाले.

मग खाणीचं तोंड दगडांनी बुजवलं. माझ्यासाठी तो शेवटचा उजेड. पोचूने वर काट्यांचं कुंपण केलं आणि वाट वळसा घालून नेली. आठवड्यातून एकदा येऊन तो जमिनीवर तीन वेळा कुऱ्हाड आपटायचा. मी गप्प राहायचो आणि तो समजून परतायचा. मागच्या पावसाळ्यापासून ती कुऱ्हाड वाजलेली नाही. सुरुवातीला मी रोज वाट बघितली. आता समजलो आहे. इतकं एकटं मला झाड असताना कधी वाटलं नव्हतं.

यंदाच्या चैत्रात वर पुन्हा पावलं वाजू लागली. हलकी, धावती पावलं. काट्या सरपणाला गेल्या असतील, आणि जवळची वाट कोणाला नको असते? तुमचा राग नाही मला. खरं सांगू, त्या पावलांनी मला बरंच वाटलं. पण माझ्या पायाला वाळवी लागली आहे, मित्रांनो. अर्धा पाय तिने पोखरला आहे.

आज सकाळी तुमच्यापैकी कोणीतरी खेळता खेळता जमिनीवर काठी आपटली. एक, दोन, तीन. मला वाटलं, पोचूच आला. या वेळी मला गप्प राहता आलं नाही.

तो करकरणारा आवाज माझा होता. जुनं लाकूड आहे, वाजणारच, असं म्हणू नका. मला वाचवायला कोणी येऊ नका, माझं वय झालं. पोचूने मला ज्यांच्यासाठी इथे ठेवलं ते तुम्ही आहात, म्हणून त्याचंच सांगणं सांगतो. फुलं राहू द्या, टोपल्या राहू द्या. आधी बाजूला व्हा.