आपल्या टीमचं भाकीत करायचं नाही

लग्न होऊन कॅलिफोर्नियाला गेल्यापासून इला दर एप्रिलच्या शेवटी विमानानं मिशिगनला, नोव्हाय गावातल्या घरी यायची. लोकांना वाटायचं, पोरगी माहेरपणाला येते. ती यायची बापाला हरवायला.

अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट ज्याला ठाऊक नाही त्यानं एवढंच ध्यानात घ्यावं: कॉलेजात खेळणाऱ्या पोरांमधून व्यावसायिक टीम्स आळीपाळीनं आपापला गडी उचलतात, आणि आदल्या मोसमात जी टीम सगळ्यात जास्त हरली तिला पहिला मान. कोण कुणाला उचलणार यावर महिनाभर आधीपासून अख्खा देश भाकितं करतो. ज्यांना शेजारच्या घरात काय चाललंय ते सांगता येत नाही तेही करतात. श्रीरंगच्या, म्हणजे इलाच्या बापाच्या, घरीही हा उद्योग चालायचा, पण तिथला नियम उफराटा होता. आपली टीम डेट्रॉइट. तिच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. भाकीत करायचं ते फक्त तीन वैऱ्यांचं: शिकागो, ग्रीन बे आणि मिनेसोटा.

या नियमालाही कारण होतं. इला नऊ वर्षांची असताना तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं की डेट्रॉइट अमुक एका पोराला घेणारच. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, श्वास रोखून ती टीव्हीसमोर बसली होती. डेट्रॉइटनं भलत्यालाच घेतलं. मग तिनं जे भोकाड पसरलं, ते आईनं पुढे केलेल्या आइस्क्रीमनंही थांबेना. शेवटी श्रीरंगनं तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "इलू, आपल्या टीमचं प्रेडिक्शन करायचं नाही. तिथे आपण काय होणार ते सांगत नसतो, काय व्हावं ते सांगत असतो. दुसऱ्यांचं करू. त्यांच्या बाबतीत डोकं थंड राहतं."

तेव्हापासून तो रिवाज पडला. हरणाऱ्याला शिक्षा होती टोपीची. ग्रीन बेचे चाहते डोक्यावर चीजच्या तुकड्याच्या आकाराची पिवळीधमक फोमची टोपी घालतात. तसली एक नंदानं, म्हणजे इलाच्या आईनं, कुठूनशी पैदा केली होती. हरेल त्यानं ती घालून चारचौघांत जायचं. एका वर्षी श्रीरंग ती घालून मराठी मंडळाच्या गणपतीच्या आरतीला उभा राहिला होता. मंडळाचा अध्यक्ष नरेंद्र, म्हणजे श्रीरंगचा जुना दोस्त, त्यानं आरतीचं ताट त्याच्या हातात द्यायला साफ नकार दिला होता. नंदा मागे खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

नंदाला जाऊन आता दुसरा उन्हाळा येत होता.

या वर्षी मात्र ड्राफ्टसोबत आणखी एक गोष्ट अंगावर येऊन पडली होती. इला आणि तिचा नवरा राजस फ्रीमाँटमध्ये टाउनहाउस घेत होते. एकाच कॉम्प्लेक्समध्ये दोन मोकळी होती. एक दोन बेडरूमचं, दोन्ही वरच्या मजल्यावर. दुसरं तीन बेडरूमचं, त्यातली एक खोली खाली, बाथरूमसकट, जिने चढायला नकोत. इलानं फोनवर विचारलं होतं, "बाबा, तू येऊन राहणार असशील तर आम्ही खाली रूमवालं घेतो." श्रीरंग म्हणाला होता, "बघू." मराठी घरात 'बघू'चा अर्थ काय होतो ते अमेरिकेत जन्मलेल्या पोरीलाही बरोबर कळतं. पण ती चिवट होती, बापावर गेली होती. एजंटला ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर द्यायचं होतं, आणि ते घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती.

खरं सांगायचं तर श्रीरंगला जायचं होतं. दिवस कसाही निघायचा. हिवाळ्यात सकाळी मॉलच्या गरम व्हरांड्यांतून चार म्हाताऱ्यांबरोबर फेऱ्या मारायच्या, दुपारी मंडळाच्या कामात डोकं खुपसायचं. संध्याकाळ झाली की मात्र घर खायला उठायचं. कुकरची एक शिट्टी झाली की तो गॅस बंद करायचा आणि मग भूकच मरायची. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, नरेंद्रलासुद्धा नाही.

मग अडत कुठे होतं? अडत होतं ते त्याच्या स्वभावात. सारा जन्म त्यानं गाड्यांच्या कंपनीत वॉरंटीच्या खात्यात काढला होता. गाडी आवाज करत परत यायची, कुठला भाग मोडला ते हा शोधायचा, दुसरा बसवला की आवाज बंद. बसवलेल्या भागाचं कौतुक कुणी करत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? नंदा गेली त्या आठवड्यात इलाच्या चेहऱ्यावर त्यानं एकच भीती पाहिली होती: आता बाबाचं कसं होणार. खालची खोली त्या भीतीतून आली आहे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पोरीच्या काळजीचा आवाज बंद व्हावा म्हणून आपल्याला तिच्या घरात बसवणार. त्यापेक्षा इथलं एकटेपण परवडलं. वाईट वाटत होतं, पण मान ताठ राहत होती.

ड्राफ्टच्या संध्याकाळी इलानं डेट्रॉइटचा तो चौकोनी, कडा जळलेला पिझ्झा आणला आणि श्रीरंगनं फ्रीजमधून ठेचा काढला. बाहेर अजून उजेड होता. फ्रीजवरच्या पांढऱ्या फळ्यावर दोघांनी आपापली भाकितं लिहिली.

"तुझी मेथड सेमच ना, बाबा? काय तुटलंय ते बघायचं."

"मग? गळतं तिथेच पॅच लावतात."

मिनेसोटाची पाळी आली. गेल्या मोसमात त्यांच्या बचावातून कुणीही आरपार पळत सुटायचं. श्रीरंगनं ओहायोचा एक धिप्पाड बचावपटू सांगितला होता, आणि मिनेसोटानं त्यालाच उचललं. त्यानं पिझ्झ्याचा तुकडा ठेच्यात बुडवला आणि भुवया उडवल्या. शिकागोच्या वेळी इलाचं खरं ठरलं. तिनं भुवया उडवल्या नाहीत, तिनं उठून फळ्यावर भलीमोठी बरोबरची खूण केली. राहता राहिलं ग्रीन बे.

"ग्रीन बेचं तर शेंबडं पोरही सांगेल," श्रीरंग म्हणाला. "त्यांचा क्वार्टरबॅक गेल्या वर्षी दर चार मिनिटांनी जमिनीवर आडवा. बॉल फेकणारा माणूस उभाच राहत नसेल तर फेकणार काय? त्याला सांभाळायला लाइनमन पाहिजे. तो टेक्सासचा पोरगा घेणार."

"ते क्वार्टरबॅक घेणार."

"अगं, आहे की त्यांच्याकडे. पंचवीस वर्षांचा. हात-पाय शाबूत."

"आहे. तरी घेणार. तो ऑरेगनचा, लांब केसवाला."

श्रीरंगला हसू आलं. टोपी यंदा इलाच्या डोक्यावर, हे ठरल्यासारखंच होतं. आणि त्या हसण्याच्या भरात त्याला वाटलं की आता वातावरण हलकं आहे, उरकून टाकावं.

"इला, तुम्ही दोन बेडरूमवालंच घ्या."

तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर माणसं तोंडं हलवत राहिली.

"का?"

"मी इथे बरा आहे. मंडळ आहे, नरेंद्र आहे. तिकडे मी काय करणार?"

"हे खरं कारण नाही."

श्रीरंगनं कागदी रुमालाला हात पुसले. ते स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"खरं हवंय? तुझी आई गेली. भोक पडलं. तुला तिकडे रात्री झोप लागत नाही, म्हातारा एकटा पडलाय म्हणून. ते भोक बुजवायला तू मला नेतेयस. मला तसं यायचं नाही, इला. कुणाची काळजी मिटवायला म्हणून कुणाच्या घरात राहायचं नाही मला. तुझ्यासुद्धा."

इला काही बोलणार तेवढ्यात पडद्यावर ग्रीन बेची हिरवी पाटी आली, आणि सवयीनं दोघांच्या माना तिकडे वळल्या. तिनं आवाज सोडला. ग्रीन बेनं नाव जाहीर केलं, आणि लांब केसांचा एक पोरगा ऑरेगनच्या कुठल्याशा दिवाणखान्यात आईच्या गळ्यात पडून रडताना दिसला. स्टुडिओतल्या तज्ज्ञांनी कपाळाला हात लावले. एक जण तर संतापलाच होता: घरात धडधाकट क्वार्टरबॅक असताना दुसरा कशाला, या लोकांची डोकी ठिकाणावर आहेत का?

"पण गरजच नव्हती," श्रीरंग पुटपुटला. स्वतःचं दुखणं विसरून तो खरोखरच चक्रावला होता. "लाइन फाटकी ठेवली आणि हा घेतला. गरज काय होती?"

"काहीच नव्हती."

"मग तुला कसं कळलं?"

"कारण त्यांची माणसं दोन वर्षं त्याला बघायला जातायत. दर सीझनला. त्यांचा स्वतःचा क्वार्टरबॅक मस्त खेळत होता तेव्हापण जात होते. थंडीत, पावसात. They just liked him, बाबा." इलानं पडद्यावरच्या पोराकडे बोट दाखवलं. "तू ते कधी बघतच नाहीस. तू फक्त काय मोडलंय ते बघतोस. कोण उगीच, काही कारण नसताना येतंय, ते बघत नाहीस."

श्रीरंगनं तिच्याकडे पाहिलं.

"मी दर एप्रिलला येते. आई होती तेव्हा येत नव्हते? आई ठणठणीत, तू ठणठणीत, गराजमध्ये दोन गाड्या. शाळेत माझ्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा तोंडावर असतात. प्रिन्सिपल दर वर्षी विचारते, इला, फॅमिली इमर्जन्सी आहे का? मी सांगते, नाही, ड्राफ्ट आहे. तेव्हा काय मोडलेलं होतं, सांग ना मला. कुठलं भोक बुजवायला येत होते मी?"

वॉरंटीच्या खात्यात न मोडलेली गाडी कधी येतच नसे.

"काळजी वाटते, हो," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तू फोन उचलला नाहीस की मी लागोपाठ चार वेळा लावते. ते आहेच. पण त्याच्यासाठी मी नरेंद्रकाकांना फोन करू शकते, दारावर कॅमेरा लावू शकते. त्याच्यासाठी खोली नाही लागत."

बाहेर आता अंधारून आलं होतं. टीव्हीवर पुढच्या कुठल्या तरी टीमची पाळी सुरू झाली होती, पण तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आपण गेली दीड वर्षं आपल्याच मुलीचं चुकीचं भाकीत करत होतो, हे श्रीरंगच्या हळूहळू ध्यानात येत होतं. त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली कुठेतरी फार बरंही वाटलं.

शेवटी तो म्हणाला, "बरं, माझं सांग. तू एवढी ग्रीन बेचं ओळखतेस. मी काय म्हणेन असं तुला वाटतं?"

"नाही सांगणार."

"का?"

"आपल्या टीमचं भाकीत करायचं नाही. तुझाच रूल आहे."

ती हे हसून म्हणाली, निदान तसा प्रयत्न केला. पण श्रीरंगची नजर तिच्या हातांवर गेली. एका शाळेत गणित शिकवणारी, तीस उलटून गेलेली त्याची मुलगी सोफ्याच्या कडेवर ताठ बसली होती, आणि तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

श्रीरंग उठला. जिन्याखालच्या कपाटातून त्यानं ती पिवळी टोपी काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि डोक्यावर चढवली. मग फोन घेऊन त्यानं राजसला व्हिडिओ कॉल लावला. फ्रीमाँटमध्ये अजून ऊन होतं. राजस ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसला होता.

"बाबा, टोपी तुमच्या डोक्यावर? हरलात की काय?"

"हरलो. उद्या एजंटला सांग, तीन बेडरूमवालं."

पलीकडे राजस काहीतरी बोलत होता, पण ते काही श्रीरंगला नीट ऐकू आलं नाही. कारण त्याच्या मागे सोफ्यावर इला नऊ वर्षांची असताना रडली होती तशीच रडत होती, आणि या खेपेला तिच्या टीमनं तिनं मागितलेलाच गडी घेतला होता.