कामठीत वैभव जिंकला

शामलाबाईंना टाइप करायचा भारी कंटाळा. नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारात त्यांचं साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं दुकान होतं. दिवसभर हात मशीनवर, पाय पायडलवर; मोकळं काय ते तोंड. त्यामुळे 'वैभवचे वैदर्भीय' या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीचे लिहीत आणि शामलाबाई बोलत. मशीनची घरघर, गिऱ्हाइकाची घासाघीस, मधेच "बाई, मॅचिंग आणलं नाही त मी काय करू?" असं सगळं त्या आवाजी निरोपात येई आणि त्यातून गाण्याबद्दलचं मत आपलं आपण वेचून घ्यावं लागे.

ग्रुप होता वैभव धकाते या पोराच्या चाहत्यांचा. वैभव उमरेडचा, विणकराच्या घरातला. टीव्हीवरच्या 'सुरांची शर्यत' या स्पर्धेत तो एकेक फेरी पार करत गेला आणि इकडे त्याच्यासाठी माणसं गोळा होत गेली. एकमेकांना कुणी पाहिलेलं नव्हतं, पण भांडणं घरच्यासारखी चालत. मागच्या वर्षीचा विजेता खरा की वशिल्याचा, कुठला परीक्षक विदर्भावर खार खाऊन आहे, वैभवचं सगळ्यात चांगलं गाणं कोणतं. या शेवटच्या प्रश्नावर मात्र बहुतेकांचं एकमत होतं. 'सैल कर सुताची गाठ' हे गाणं त्याने निवड फेरीत गायलं होतं, ते ऐकूनच सगळे त्याच्या नादी लागले होते.

ग्रुपचा ॲडमिन सुशील. तो कुणाशी गप्पा मारत नसे, सूचना काढत असे. "नमस्कार. ग्रुपवर सुप्रभातचे फोटो टाकू नयेत ही नम्र विनंती." शामलाबाईंनी मनाशी धरलं होतं की हा माणूस कुठल्यातरी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, स्वेटर घालून फिरणारा असणार. त्या त्याला सुशीलभाऊ म्हणत.

आणि एक होत्या अरुंधती मॅडम, धरमपेठेतल्या, गाण्याच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचे निरोप वाचायला बोटाने चार वेळा वर सरकवावं लागे. एकदा त्यांनी लिहिलं की दुसऱ्या कडव्यात वैभवचा गंधार किंचित उतरला. शामलाबाईंनी मशीन थांबवून उत्तर दिलं होतं, "मॅडम, तुमचा तो गंधार का काय तो उतरला असन, पण माह्या अंगावर काटा चढला त्याचं काय?"

त्या दिवसापासून त्या दोघींचं कधी जमलं नाही.

अंतिम सोहळा आला तो नेमका लग्नाच्या दाट तिथीच्या रविवारी. सुशील कामठीला आतेबहिणीच्या लग्नात. अरुंधती मॅडम पुण्याला लेकीकडे निघालेल्या, रेल्वेत. मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी मिनल, शामलाबाईंची ग्रुपमधली लाडकी, ती नेमकी ड्युटीवर. चॅनलवाले सोहळा फोनवर दुसऱ्या दिवशी दाखवणार होते. बाकीचेही कुठल्या ना कुठल्या मांडवात. टीव्हीसमोर पाय पसरून बसायला मोकळ्या एकट्या शामलाबाई.

"शामलाकाकू," सुशीलने लिहिलं, "आपण कृपया फक्त निकाल कळवावा."

फक्त निकाल! शामलाबाईंनी संध्याकाळची पोळी-भाजी उरकली, नवऱ्याला, रुपरावला, बाजूला सरकवलं, आणि सुरुवातीच्या जाहिरातीपासून फोन तोंडाशी धरला.

"ऐका ना गा सगळे. वैभव आला. मोरपंखी कोट घातला बाप्पा. कोणं शिवला असन? खांदे पार उतरले आहेत. पोट्टा वाळला जरासा. आता ते साताऱ्याची काजल आली. साडी चांगली आहे तिची, पण फॉल बाहेर डोकावून राहिला."

मग वैभव गायला लागला तेव्हा त्यांनी फोन टीव्हीपुढे धरला. लोकांना गाणं ऐकू आलं, त्याच्यावर रुपरावचा खोकला ऐकू आला, आणि खोकू नका म्हणून शामलाबाईंनी केलेली दटावणीही ऐकू आली. मिनल कँटीनमध्ये चहाच्या निमित्ताने कानाला फोन लावून बसली होती. तिने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची चित्रं पाठवली. अरुंधती मॅडमनीसुद्धा लिहिलं, "आवाज स्पष्ट येत नाही, पण चालू द्या." त्यांच्याकडून एवढं म्हणजे हारच घातल्यासारखं होतं.

शेवटी उरले दोघं, वैभव आणि काजल. निवेदकाने पाकीट फोडलं, हसला, थांबला, पुन्हा हसला. "हा मेला काहून इतका वेळ लावून राहिला?" शामलाबाई म्हणाल्या. ढोल वाजायला लागले, निवेदक काय बोलला ते त्यात बुडालं, वरून चमकीचे कागद पडले, आणि वैभवची आई धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली.

आणि लाईन गेली.

पंखा घरघरत थांबला. टीव्ही काळा. पण शामलाबाईंनी पाहायचं ते पाहिलं होतं. आई गळ्यात पडली होती, कागद पडले होते. अजून काय पाहिजे?

"जिंकला गा! आपला पोट्टा जिंकला!" त्या अंधारात फोनमध्ये ओरडल्या. आवाज इतका चढला की खालच्या मजल्यावरच्या बाईने काय झालं म्हणून विचारलं, तर तिलाही तेच सांगितलं.

मग जे काही झालं ते सगळं ग्रुपवर येत गेलं. मिहानमध्ये मिनलने आपल्या अख्ख्या मजल्याला समोसे मागवले. गाडीत अरुंधती मॅडमनी लेकीसाठी नेत असलेल्या संत्रा बर्फीचा खोका फोडला आणि सगळ्या डब्याला वाटला, तिकीट तपासनिसासकट. आणि कामठीत सुशीलने डीजेच्या हातातून माईक घेतला. वरमाला थांबवून त्याने जाहीर केलं की विदर्भाचा सुपुत्र वैभव धकाते महाराष्ट्रात पहिला आला. वऱ्हाड्यांना वाटलं नवरदेवाचाच कोणी भाऊ असेल. टाळ्या पडल्या, डीजे पेटला, नवरदेवाचा मामा खुर्चीवर चढून नाचला. त्याचा व्हिडिओही आला.

व्हिडिओ शामलाबाई तिसऱ्यांदा पाहत होत्या तेव्हा लाईन आली.

टीव्हीवर करंडक काजलच्या हातात होता. वैभव बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याच्या आईचे डोळे अजून ओले होते.

"हे पोट्टी कायले करंडक घेऊन राहिली?" रुपराव म्हणाला.

शामलाबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"वं शामला, तू काय सांगितलं लोकाईले?"

"गप बसा ना जरा."

"फोन बंद करून ठेव. उद्या आपोआप कळन त्याईले."

क्षणभर त्यांना ते पटलंही. पण तिकडे कामठीत डीजे वाजतच होता. जितका वेळ जाईल तितका मामा जास्त नाचणार. त्यांनी फोन उचलला. पहिल्यांदाच त्यांच्या निरोपात ना मशीन होतं ना गिऱ्हाईक. "ऐका ना गा. तो दुसरा आला. लाईन गेली होती अन् मी घाई केली. माह्यावर रागवा, पण त्या मामाले खाली उतरवा."

मग सुशीलचं आलं, "काकू, मी माईकवर सांगितलं आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "आत्या माझ्याशी बोलत नाहीये." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूचना निघाली, "नमस्कार. यापुढे ग्रुपवर आवाजी निरोप पाठवू नयेत. फक्त लिखित मजकूर ग्राह्य धरला जाईल."

शामलाबाईंना ते झोंबलं. चूक झाली होती, मान्य. पण वाचाच काढून घ्यावी एवढी? त्यांनी ग्रुप सोडला नाही, फक्त अबोला धरला. कुणी काही लिहिलं की त्या नुसता अंगठा टाकायच्या, तोही नाराजीने.

मे महिन्यात बातमी आली की वैभव नागपुरात येतोय, उमरेड रोडवरच्या एका लॉनवर त्याचा कार्यक्रम. ग्रुपवर जरा हालचाल झाली, कोण कोण येणार, भेटायचं कुठे. शामलाबाईंनी अंगठा टाकला.

"जाऊन राहिली का नाही?" रुपरावने विचारलं.

"मले काय करायचं तिथं जाऊन? आपल्याले त ग्रुपवर तोंड उघडायची बंदी आहे."

दोन दिवसांनी दुकानात एक पोरगी आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात बांधणीची साडी. शामलाबाई मान खाली घालून म्हणाल्या, "फॉल कोणता लावू? मॅचिंग आणलं का मॅचिंगही मीच शोधू?"

पोरगी उत्तर द्यायचं सोडून बघतच राहिली. "काकू, पुन्हा बोला ना."

"काय बोलू? मॅचिंग आणलं का म्हटलं."

"शामलाकाकू! मी मिनल!"

शामलाबाईंनी चष्मा वर केला. मग उठून तिला जवळ घेतलं आणि लगेच हातभर दूर करून पाहिलं. "माय वं, केवढीशी आहेस तू! मले वाटलं धिप्पाड असशील. समोसे किती मागवले होते ना."

"त्या समोशांवरून अजून टोमणे ऐकून राहिली मी ऑफिसात," मिनल हसली. "हरलेल्याचे समोसे म्हणतात. काकू, तुम्ही कार्यक्रमाले येऊन राहिल्या ना?"

"नाही."

"मग मी ही साडी नेत नाही. इथंच बसते."

ती खरंच बसली. शामलाबाईंनी दोन गिऱ्हाइकं केली, तिला चहा पाजला, पुन्हा नाही म्हणाल्या, आणि शेवटी कुठली साडी नेसायची यावर दोघींची चर्चा सुरू झाली तेव्हा हो कधी म्हटलं ते त्यांनाही कळलं नाही.

लॉनवर मोठे कूलर लावले होते, तरी उकाडा हटत नव्हता. दारापाशी मिनल फोनवर खूण विचारत त्यांना एका उंच, किडकिडीत पोरापाशी घेऊन गेली. नुकत्याच फुटलेल्या मिशा, पाठीला कॉलेजची बॅग.

"काकू, हे आपले ॲडमिन."

शामलाबाईंनी त्याच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "तू सुशील? सुशीलभाऊ?"

"हाव काकू. इंजिनिअरिंगले आहो. सेकंड इयर." पोराचे कान लाल झाले. "ते सूचनेचं... आत्याचा राग होता, तो मी तुमच्यावर काढला. तुम्ही बोलत नाही त ग्रुप मेल्यासारखा झाला बाप्पा. अरुंधती मॅडम गंधारावर लिहितात, कोणी भांडतच नाही."

"मले वाटलं पेन्शनर आहे," शामलाबाई मिनलला म्हणाल्या, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. सुशीलही हसला. त्याने तिथेच उभ्याउभ्या फोन काढून ती सूचना पुसून टाकली.

अरुंधती मॅडम पुढच्या रांगेत बसल्या होत्या, कडक सुती साडी, मांडीवर पंखा. शामलाबाईंचा आवाज ऐकून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली. "बसा. तुम्हीच ना त्या? माझ्या लेकीला बर्फी मिळाली नाही." पण तोंडावर राग नव्हता.

वैभव आला. मोरपंखी नाही, साधा पांढरा सदरा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आयोजकांनी सांगितलेली नाचाची गाणी त्याने एकामागून एक गायली, पोरं नाचली, आणि अखेर 'सैल कर सुताची गाठ' सुरू झालं. शामलाबाई सावरून बसल्या. पण मागे ढोल-ताशाचा ठेका लावला होता, आणि गाणं असं धावत सुटलं जसं कोणी मागे लागलंय. कडवं कुठे संपलं ते कळलं नाही. टाळ्या मात्र खूप पडल्या.

शामलाबाईंचे हात मांडीवरच राहिले. शेजारच्या मॅडमचेही.

"पळवलं," मॅडम हळूच म्हणाल्या.

"हाव," शामलाबाई म्हणाल्या. "पळवलं पोट्ट्यानं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हे पहिलंच एकमत होतं, आणि त्याचा दोघींनाही जरा धक्का बसला. मॅडम उठल्या. "चला. सांगून येऊ त्याला."

"आता? आत सोडतीन का आपल्याले?"

"विचारेल कोण?" पंचवीस-तीस वर्षं शाळेतली पोरं ज्या चालीने बाजूला झाली असतील त्या चालीने मॅडम निघाल्या. मागे शामलाबाई, मिनल आणि बॅगवाला सुशील. रखवालदाराने नमस्कारच केला.

स्टेजच्या मागे जनरेटरच्या गाडीपासून थोडं दूर वैभव प्लास्टिकच्या खुर्चीत एकटा बसून पाणी पीत होता. जवळून पाहिलं तर सुशीलपेक्षा फार मोठा नव्हता. मॅडमनी नाव-गाव सांगितलं नाही, सरळ म्हणाल्या, "गाणं का पळवलंस?"

तो उठून उभा राहिला. "मॅडम, आयोजक म्हणते संथ गायलं त पब्लिक उठून जाते. प्रत्येक गावाले हेच. मलेही आता ते गाणं नकोसं झालं."

"आम्ही कुठं उठून गेलो?" शामलाबाई म्हणाल्या. "आम्ही त आत आलो."

वैभव हसला. मग जनरेटरच्या आवाजाकडे पाठ करून, हातातली बाटली तशीच धरून, त्याने ते कडवं म्हटलं. ठेका नाही, माईक नाही. हळू, एकेक शब्द सोडवत. मिनलने शामलाबाईंचा दंड घट्ट धरला. मॅडमचे डोळे मिटलेले होते.

"गंधार?" कडवं संपल्यावर शामलाबाईंनी त्यांच्या कानाशी विचारलं.

"जागेवर," मॅडम म्हणाल्या, आणि पंख्याने तोंड झाकलं.

शामलाबाई वैभवकडे वळल्या. सदरा त्याच्या अंगावर लोंबत होता. "जेवला का गा तू?"

"सकाळी नाश्ता केला होता, काकू. मग गाडीतच होतो."

एवढं पुरे होतं. लॉनच्या फाटकाबाहेर एका हातगाडीवर कढीच्या पातेल्याशेजारी कोथिंबीर भरलेली सांभारवडी तळली जात होती. शामलाबाईंना तिचा वास आत येतानाच लागला होता. त्यांनी पोराला मनगटाला धरून बाहेर काढलं, सुशीलला पुढे पिटाळून बाक अडवायला लावला, आणि वैभवच्या हातात पहिली गरम बशी दिली. तो इतक्या घाईने खाऊ लागला की तोंड भाजलं.

तेवढ्यात आतून लाउडस्पीकर घुमला. वैभव धकाते जिथे असतील तिथून त्वरित मंचाकडे यावे, पाहुण्यांसोबत फोटो घ्यायचे आहेत.

वैभव तोंडात घास घेऊन अर्धवट उठला. मॅडमनी त्याच्या खांद्यावर पंखा ठेवून त्याला खाली बसवलं.

"थांबतील ते," त्या म्हणाल्या. "कढी घे वरून."