दोन खाती, एक ट्रक

मुलीने शेवटचं खोकं दारापर्यंत ढकलत आणलं आणि त्याच्यावरच बसकण मारली. ट्रकचा पत्ता नव्हता. उद्या सकाळी दुसऱ्या शहरात नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं आणि सामान अजून इथेच.

"बाबा, ट्रक कधी येणार?"

वडील मघापासून तिच्या टेबलाचे स्क्रू काढत होते. टेबल अजून चारही पायांवर ठणठणीत उभं होतं.

"ट्रक तुझ्या आईचं खातं. मी फक्त वेळ ठरवून दिली."

"वेळ?" आई स्वयंपाकघरातून कडाडली. "'सकाळी' ही काय वेळ झाली? यांची सकाळ दुपारपर्यंत लांबते!"

झालं! घरात कारखाना सुरू झाला.

दोघंही कपाटांच्या एकाच कारखान्यात. वडील नियोजनाला, आई वाहतुकीला, आणि मध्ये काचेची भिंत. वडिलांची कपाटं तयार व्हायची तेव्हा आईचे ट्रक भलत्याच गावाला. आई ट्रक आणून उभे करायची तेव्हा कपाटांचा रंग ओला. एकदा तर कपाटं एका गावाला गेली आणि त्यांची दारं दुसऱ्याच गावाला. गिऱ्हाइकाने फोनवर जे सुनावलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. शेवटी मोठ्या साहेबांनी हात टेकले. भिंत पाडली, दोघांना एका टेबलाशी बसवलं आणि बजावलं, "यापुढे दोन्ही खात्यांचा निरोप एकच गेला पाहिजे." तेव्हापासून दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसून एकमेकांना ईमेल पाठवायची.

"निदान माझ्या वेळी तरी एकमेकांशी बोलायचं होतं!" मुलीचा आवाज चढला. "पहिल्याच दिवशी उशिरा जाऊन काय तोंड दाखवू तिथे?"

वडिलांनी काढलेला स्क्रू बघितला, पुसला आणि पुन्हा भोकात बसवला. आईने धुतलेलीच कढई पुन्हा नळाखाली धरली. मुलगी चपला अडकवून तणतणत बाहेर पडली. मिळेल ती गाडी धरून आणायची, तिने ठरवलं.

लांब जावंच लागलं नाही. कोपऱ्यावर कारखान्याचाच ट्रक उभा होता. आत ड्रायव्हरकाका खिडकीबाहेर पाय काढून घोरत होते.

"काका! तुम्ही इथे काय करताय?"

काका दचकून उठले. "सकाळपासून आहे की! मॅडम म्हणाल्या, मी बोलावल्याशिवाय दारात यायचं नाही. मागोमाग साहेबांचा, तुझ्या बाबांचा फोन. घाई करू नका, जरा आरामात या. म्हटलं, अरे वा! आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही खात्यांचा निरोप एक! मग काय, ताणून दिली."

तिला खो खो हसू आलं. आणि हसता हसता एकदम रडूच फुटलं. काका बिचारे गोंधळले.

"काय झालं पोरी? चुकलं का माझं? घेऊ का ट्रक दारात?"

तिने ओढणीने डोळे पुसले, घड्याळ बघितलं. रस्ता लांबचा होता.

"अजून तासभर झोपा, काका. आणि मी इथे आले होते हे घरी बोलू नका."

मग ती परत गेली आणि ट्रक कुठेच दिसत नाही म्हणून दोघांवर नव्याने ओरडायला लागली.